सहा नंबरचं रिकामं घर

शिओताची, तोत्तोरी
१६ जानेवारी

प्रिय फुसाए,

बर्फ गुडघ्यापर्यंत आलं आहे. गुडघे अजून जागेवर आहेत. एवढं कळवलं की माझं अर्धं पत्र संपतं, असं तू नेहमी म्हणतेस.

उरलेलं अर्धं असं. यंदा आपल्या गल्लीचं गटप्रमुखपद माझ्याकडे आहे. एकतीस मार्चला मुदत संपते. मग ते पुढच्या घराकडे जातं. तू शिक्क्यांचं दुकान बंद करून मुलाजवळ ओकायामाला गेलीस तेव्हा आपण नऊ घरं होतो. आता आठ. तुझ्या दुकानाच्या जागी पार्किंग झालं आहे. हे मी मुद्दाम कळवलं नव्हतं. आज सुटलं हातून.

माझा नंबर पाच. सहा नंबरचं घर रिकामं आहे. म्हणून पाळी सात नंबरवर, म्हणजे अदाची आजोबांवर येते. वय अठ्ठ्याऐंशी. विचारायला गेले तर म्हणाले, "करा मला प्रमुख. महिनाभरात माझ्याच प्रेतयात्रेची नोटीस मीच फिरवीन." आठ नंबरच्या बाई अर्धं वर्ष मुलीकडे असतात. एक ते चार, सगळ्यांच्या पाळ्या होऊन गेल्या. कोणी घेतलं नाही तर गट मोडायचा, असं शहर समितीनं कळवलं आहे. मग नोटिशींची फाइलही बंद.

फाइलीचं एवढं काय, म्हणशील. तुला नीटच माहीत आहे. नोटीस आली की वाचायची, यादीत आपल्या नावापुढे शिक्का मारायचा, फाइल शेजारच्या दाराला नेऊन द्यायची. नोटिशीत नवं काही नसतं. पण दर दहा दिवसांनी अदाचींचा शिक्का दिसतो. तो दिसला की कळतं, आजोबा उठले, चष्मा सापडला, दारापर्यंत आले.

बाकी ठीक. आज सकाळी उठले तर फाटकापासून रस्त्यापर्यंतचं बर्फ कोणीतरी काढून ठेवलं होतं. शेजारून कांदा परतल्याचा वास येतो, त्यामुळे हल्ली मला अकरालाच भूक लागते. तान्हं मूल शहाणं आहे, फारसं रडत नाही.

राक्क्योचं लोणचं पाठवते. यंदा कांदे बारीक आहेत.

तुझी,
हिसानो


ओकायामा
२४ जानेवारी

प्रिय हिसानो,

लोणचं पोचलं. पार्किंगही पोचलं.

आता मला एक सांग. रिकाम्या घरात कांदा कोण परततंय?

तुझ्या एका बाजूला चार नंबर, मोरिवाकी. त्यांच्याकडे मी लहानपणापासून फक्त उकडलेला भात आणि उकडलेली माणसं पाहिली. दुसऱ्या बाजूला सहा नंबर, तू म्हणतेस रिकामं. त्यापुढे अदाची. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांना तान्हं मूल झालं असेल तर माझं अभिनंदन कळव.

आणि बर्फ? भुतं फावडं घेत नाहीत.

इथं सगळं ठीक आहे. या वृद्धाश्रमात सूप गरम देतात, बोलतात हळू. माझ्याकडे नवी मुलगी दिली होती, इंडोनेशियाची, वुलान नावाची. माझ्या खांद्याला लागेल एवढीशी. मी मॅनेजरला सांगून बदलून घेतली. एवढ्या लांबून आलेली पोर, तिनं माझ्यासारखं धूड का उचलावं? बिचारीला उगाच त्रास.

कांद्याचं कळव.

फुसाए


शिओताची
२ फेब्रुवारी

प्रिय फुसाए,

तू शाळेतही अशीच होतीस. दुसऱ्याच्या वहीतली चूक तुला लांबून दिसायची. तुझं स्वतःचं अक्षर मात्र आता धावत्या बसमध्ये लिहिल्यासारखं झालं आहे.

ऐक तर. सहा नंबरमध्ये राई नावाचं कुटुंब राहतं. नेपाळचं. पदम राई, त्यांची बायको सुनमाया आणि एक मुलगी. ती इथंच जन्मली. ते बंदरावरच्या कारखान्यात खेकडे उकडून डबे भरतात. येऊन सोळा महिने झाले. आले तेव्हा रीतीप्रमाणे आजूबाजूच्या घरांना टॉवेल देऊन गेले. माझा टॉवेल अजून खणात आहे, कागदातच.

मग मी रिकामं का म्हटलं? यादीत तसं छापलं आहे म्हणून. माझ्या आधीच्या प्रमुखांनी ती यादी दिली, मी तिची झेरॉक्स काढली. देताना ते म्हणाले, "सहा नंबरचं आपलं..." आणि हातानं असं केलं, डबक्यावरून पाऊल टाकतात तसं. मी समजले.

वाईट हेतू कोणाचाच नव्हता. त्यांना आपली अक्षरं वाचता यायची नाहीत. फाइल घेतली की शिक्का आला. शिक्का आला की गटाराची सफाई, देवळाचं गवत, सगळं आलं. दिवसभर उभं राहून काम करणारी माणसं. त्यांना कशाला घोळात घ्यायचं?

पाच नंबरची मी. म्हणजे फाइल सहाला द्यायची ती मीच. सोळा महिने मी ती त्यांच्या फाटकावरून सातला नेते आहे. बर्फात लांब पडतं.

तुझं पत्र वाचल्यावर त्या दिवशी मला ते फाटक जरा उंच वाटलं.

पण तूही कमी नाहीस. "बिचारीला उगाच त्रास." वाक्य ओळखीचं वाटतं ना? आपण एकाच शाळेत शिकलो.

आणखी एक. काल त्यांच्या ओट्यावर पुठ्ठ्याची खोकी दिसली. घड्या घातलेली, दोरीनं बांधलेली. बारा मोजली. सामान हलवतानाच माणूस एवढी खोकी आणतो. मी काही विचारलं नाही. विचारलं तर त्यांना बरं वाटलं नसतं.

हिसानो


ओकायामा
२१ फेब्रुवारी

प्रिय हिसानो,

पत्राला उशीर झाला. कारण काही नाही.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. विचारलं तर त्यांना बरं वाटलं नसतं, हे तुला कोणी सांगितलं? त्यांनी? मग ज्याला विचारलंच नाही त्याचं उत्तर तुला कसं ठाऊक?

हे मी तुला सुनावत नाही. मला स्वतःलाच नुकतं कळलं आहे आणि अजून दुखतं आहे.

फाइल उचल. चपला घाल. सहा नंबरला जा. वाकून नमस्कार कर, जास्त बोलू नकोस. तू जास्त बोललीस की माफी मागता मागता समोरच्यालाच माफी मागायला लावतेस.

आणि त्यांना काय वाटतं ते विचार. उत्तर येईपर्यंत गप्प बस.

फुसाए


शिओताची
१ मार्च

प्रिय फुसाए,

गेले.

दार राईंनी उघडलं. माझ्या हातात फाइल पाहिली आणि दोन पावलं मागे सरले.

"चुकून आली का?"

"नाही. तुमची आहे."

"आमची?" मग आत वळून मोठ्यानं, "सुनमाया, फाइल आली!" जसे काही पाहुणेच आले.

मला बसवलं. चहा आला, दुधाचा, मिरी घातलेला. मुलगी माझ्या मोज्याचा अंगठा धरून बसली. मी गप्प राहिले. तू सांगितलं होतंस म्हणून, आणि चहा कढत होता म्हणून.

मग राई म्हणाले, "आजी, एक विचारू? तुम्ही सगळे भाऊबंद ना?"

"कोण सगळे?"

"ही सगळी घरं. आमच्या गावी कुळाच्या पूजेचा निरोप असाच घरोघर फिरतो. ज्यांचं कूळ त्यांनीच हात लावायचा. म्हणून तुम्ही फाइल घेऊन निघालात की आम्ही आत जायचो. मध्ये येऊ नये."

मी आणि अदाची भाऊबंद! फुसाए, त्या माणसानं मला लग्नाची मागणी घातली होती. मी ते राईंना सांगून टाकलं. सुनमाया इतकी हसली की तिला मुलीला नवऱ्याकडे द्यावं लागलं. "नाही का म्हणालात?" तिनं विचारलं. पन्नास वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "तो जेवताना पेपर वाचायचा." ती म्हणाली, "हासुद्धा मोबाइल बघतो," आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी मोबाइल उशीखाली सरकवला.

मग गटाराचं निघालं. दर मे आणि नोव्हेंबर महिन्यात सगळे सफाई करतात, आणि मला वाटायचं सहा नंबरपुढे गाळ साठतच नाही, उतार चांगला असेल. उतार कसला! आम्ही काम आटपून आत गेलो की हे दोघं बाहेर यायचे आणि आपल्यापुढचं साफ करायचे. कुळाचा विधी संपल्यावर.

मी खाली बघत बसले. मोज्याला भोक होतं, मुलीनं ते शोधलं होतं.

राईंनी फाइल उघडली. यादीवरून बोट फिरवलं. सहा नंबरवर थांबलं. "इथं शिक्का कसा मारायचा? इथं लिहिलंय, रिकामं घर."

"तुम्हाला वाचता येतं?"

"सगळं नाही. हे येतं. घर शोधत फिरत होतो ना, हाच शब्द सगळ्यांत आधी शिकलो."

आणि ते हसले. टोमणा नव्हता त्यात. खरंच गंमत वाटली त्यांना. मला हसायला वेळ लागला.

खोक्यांचंही विचारलं. कारखान्याजवळ एक खोली आहे, तिथं त्यांच्या गावची चार माणसं राहतात. "इथं वाईट काही नाही, आजी. इथं शांत आहे." मग फाइल मिटत म्हणाले, "फार शांत आहे." घरमालकाला एकतीस मार्चपर्यंत सांगायचं आहे, राहणार की सोडणार.

म्हणजे माझी मुदत आणि त्यांची मुदत एकच.

गटप्रमुखपदाचं मी बोलले नाही. धीर झाला नाही. फक्त म्हटलं, चोवीसला गटाची बैठक आहे, या. आणि शिक्का नसला तर सही चालेल. तर म्हणतात, "सगळ्यांचा शिक्का असेल तर आमचाही शिक्काच हवा."

म्हणून लिहिते. तू चार वर्षं छिन्नी धरली नाहीस, हे मला माहीत आहे. दुकानातून आणावा तर बाजारात राई नावाचा तयार शिक्का कुठला मिळायला? तुझ्या पेटीत एखादा ठोकळा उरला असेल आणि मन असेल तर बघ. नसेल तर रागावणार नाही.

अगं, एक राहिलं. मागच्या पत्रात तुझं अक्षर काय सुंदर आलं आहे! बसमधून उतरलीस वाटतं. शिकवणी लावलीस का?

हिसानो


ओकायामा
१४ मार्च

प्रिय हिसानो,

ज्या अक्षराचं तू कौतुक केलंस ते वुलानचं आहे.

मागचं पत्र तिनं लिहिलं, हेही तीच लिहिते आहे. मी सांगते, ती उतरवते. आत्ता तिचे कान लाल झाले आहेत आणि हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती. ती चौकोनांच्या वहीत शिकली, म्हणून तिचं प्रत्येक अक्षर आपापल्या घरात नीट बसतं. परवा तिनं मला एक अक्षर सुधारून दिलं. मला, जिनं पन्नास वर्षं आपल्या गावच्या लोकांची नावं कोरली!

म्हणजे "त्यांना आपली अक्षरं वाचता यायची नाहीत" हे तू लिहिलंस, ते तिनं मला वाचून दाखवलं. माझा चष्मा तेव्हा मोडला होता. वाचून झाल्यावर आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ती म्हणाली, "पुढे वाचू?"

आता खरं सांगते. माझे हात वर्षभर कापतात. म्हणून ते बसमधलं अक्षर. आणि पाच फेब्रुवारीला मी न्हाणीघरात पडले. फार लागलं नाही, चष्मा गेला. उठता येईना. दारातून वुलान जात होती. मी म्हटलं, "राहू दे गं, मी फार जड आहे. दुसऱ्या कोणाला बोलाव." ती म्हणाली, "आजी, आमच्या भाताचं पोतं तुमच्यापेक्षा जड असतं. आणि ते एवढं बोलत नाही." उचललं मला. एका दमात.

संध्याकाळी मॅनेजरकडे गेले. म्हटलं, ती मुलगी परत द्या. तो म्हणाला, "तिला त्रास होईल म्हणत होतात ना?" मी म्हटलं, "खरा त्रास माझ्या तोंडाचा आहे. तो तिनं आधीच उचललाय."

शिक्का सोबत आहे. लाकूड त्सुगेचंच, शेवटचा ठोकळा. शेवटून दुसरा मी वाया घालवला. राई म्हणजे आपल्या लिपीत दोन अक्षरं, मिळून चार रेघा. मला वाटलं, चार तर रेघा आहेत. हात कापतील, कापू देत. कोरलं, शाई लावली, कागदावर मारलं, तर अक्षरं उलटी. उलटं कोरायचं असतं हेच विसरले! पन्नास वर्षांत पहिल्यांदा. आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या खोलीतून भिंतीवर थाप आली.

दुसरा ठोकळा तिनं दोन्ही हातांनी धरला आणि मी माझे हात तिच्या हातांवर टेकवले. नऊ दिवस लागले. अदाचीचं नाव कोरणं सोपं असतं, रेघांच्या गर्दीत चूक लपते. चार रेघांत लपायला जागा नाही. शेवटची जरा हलली आहे. दुरुस्त केली नाही.

यादीतलं "रिकामं घर" खोडू नकोस. खोडलेलं दिसतं. नवी यादी लिही.

फुसाए
(आणि वुलान)


शिओताची
१० एप्रिल

प्रिय फुसाए, वुलान,

सगळं क्रमानं सांगते.

चोवीसला बैठक झाली. राई दोघंही आले, मुलीला घेऊन. पुढचा प्रमुख कोण, असं मी विचारलं. सगळे आपापल्या चहाच्या पेल्यात पाहू लागले. पेल्यांत चहाशिवाय काही नव्हतं.

शेवटी अदाची आजोबा म्हणाले, "पाचनंतर काय येतं?"

मोरिवाकी चष्मा पुसू लागले.

"माझ्या शाळेत सहा यायचे. तुमच्यात काही बदल झालाय का?"

मोरिवाकी घसा खाकरून म्हणाले, "तसं नव्हे. पण कामावरून दमून येणारी माणसं. त्यांना त्रास..."

मी म्हटलं, "त्रास होईल की नाही, ते त्यांनाच विचारा. ते तुमच्या शेजारी बसलेत. तुमचा पेला त्यांनीच भरलाय."

मोरिवाकींनी पेल्याकडे पाहिलं. मग राईंकडे. मला वाटतं, सोळा-सतरा महिन्यांत पहिल्यांदा.

राई उठून उभे राहिले. वाकले. कान लाल झाले होते त्यांचेही. म्हणाले, "मला त्रास द्या."

एवढंच.

मग अदाचींनी टाळी वाजवली. मोरिवाकींनी वाजवली. आठ नंबरच्या बाई रडायला लागल्या, पण त्या हवामानाच्या बातम्यांनाही रडतात. मुलगीही टाळ्या वाजवू लागली आणि नंतर तिला कोणी थांबवू शकलं नाही.

मी तुझी डबी पुढे ठेवली. राईंनी उघडली, शिक्का तळहातावर घेतला आणि कोणाला न विचारता बैठकीच्या वृत्तान्तावर, चहाच्या बिलावर आणि मोरिवाकींच्या सिगरेटच्या पाकिटावर मारून पाहिला. सुनमायानं ओढून घेतला तेव्हा थांबले.

घरमालकाला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, राहतो म्हणून. बारांतली चार खोकी माझ्याकडे आली आहेत, बरण्यांसाठी.

आणि काल पहिली फाइल फिरून आली. आता ती सहापासून सुरू होते. म्हणजे सगळ्यांत शेवटी माझ्याकडे येते, पाच दिवसांनी. गल्लीच्या जुन्या माणसाला बातमी शेवटी कळते. चालायचंच.

नवी यादी तू म्हणालीस तशी मी हातानं लिहिली. पहिल्या ओळीत राई. शिक्का असा दाबून मारला आहे की खालच्या दोन पानांवर गोल उमटला. शेवटची रेघ हललेली दिसते. मी बोट फिरवून पाहिलं. त्याखाली अदाचींचा शिक्का, तिरका. मी म्हटलं, वय झालं. तर नाही. ते बँकेत होते ना, तिथं हाताखालच्यानं आपला शिक्का साहेबाच्या शिक्क्याकडे झुकवून मारायची पद्धत. आजोबा पुन्हा नोकरीला लागले आहेत.

नोटीस गटाराचीच. बारा मे, सकाळी आठ ते दहा. खाली पेनानं एक ओळ जास्त आहे. वुलानसारखंच अक्षर, चौकोनात बसलेलं: "नंतर सर्वांनी सहा नंबरमध्ये चहाला यावं. भाऊबंद नसले तरी चालेल."

मी माझा शिक्का मारला. मग खणातून टॉवेल काढला, कागद सोडला, आणि तोंड पुसलं. निळ्या रेघांचा आहे. चांगला आहे.

हिसानो

ता. क. या पानाच्या तळाशी लाल गोल दिसतो आहे तो मी मारलेला नाही. ज्यानं कोरला त्याच्याकडेही एक ठसा असायला हवा, असं राई म्हणाले.


ओकायामा
१९ एप्रिल (पोस्टकार्ड)

हिसानो,

हे माझ्या हातचं आहे. म्हणून थोडं आणि वाकडं.

बारा मेला येते. वुलानला सुट्टी आहे, तीही येते. गटार साफ करणार नाही. चहाला बसणार.

तुझ्याकडे गाद्या घालू नकोस, तू घोरतेस. रिकाम्या घरात दोघींना जागा होईल का, तेवढं विचारून ठेव.

फुसाए